गोधडीवरचे सत्त्याण्णव अंश

१९ एप्रिल, तेरखेडा
फिल्म पुन्हा अडकली. बावीस टक्के, आणि तिथंच. सगळं जोडून झालंय, लॅपटॉपनं आता तुकड्यांची एक अखंड फाइल तेवढी काढायची. तेही होईना. तीस तारखेला मुंबईच्या महोत्सवाला पोचायला हवी.
पंचवीस मिनिटं, आत्यांच्या हातांची. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई; चाळीस वर्षं फटाक्यांच्या शेडवर वाती वळायच्या. त्या हातांवर मी दोन कथा लिहिल्या, दोन्ही खोट्या उतरल्या. ही खरी आहे. म्हणून जीव अडकलाय.

२१ एप्रिल
लॅपटॉप तालुक्याला, वाशीला दुकानात नेला. तिथल्या एसीत हरणासारखा पळाला. दुकानदार तरीही, "ताई, प्रोसेसर म्हातारा झालाय. नवाच घ्या."
मग इथं कसा पळाला? यावर त्याला फोन आला.

२२ एप्रिल
तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. सकाळी साठ अंश. दुपारी दोनला, आमच्या पत्र्याखाली, सत्त्याण्णव! आणि त्याच क्षणी वेग तीन गिगाहर्ट्झवरून एकाच्याही खाली.
वाचत बसले. प्रोसेसर बिघडलेला नाही. जळू नये म्हणून तो स्वतःच हात आखडता घेतो. निवला की पुन्हा पहिल्यासारखा. आत्यांना सांगितलं.
"मग त्यात काय नवल? उन्हाच्या तडाख्यात आमी बी फटाक्याचा मसाला मळत नव्हतो. मुकादम वरडायचा. म्हणलं, वरड. हात भाजला तर तू वाती वळणार व्हय?"
महिनाभर त्याला आळशी म्हणत होते. स्वतःलाही, खरं तर. आई गेल्यानंतरचं ते वर्ष, एक ओळ नाही... असो.

२४ एप्रिल
टेबलफॅन. खिडकीला ओलं पोतं. ९४. व्यर्थ.
सकाळी शाळेत शिकवायचं, संध्याकाळनंतर लाइट नाही. दुपारच काय ती माझी, आणि तीच तापते.

२५ एप्रिल
लॅपटॉप उचलला, खालच्या गोधडीचा चटका बसला. गोधडी! आत्यांनी त्याच्यासाठी मुद्दाम शिवलेली, जुन्या लुगड्याची, चार पदरी. शेडवरची सवय : जोखमीची वस्तू उघड्या फरशीवर ठेवायची नाही, खाली मऊ पाहिजे. आणि लॅपटॉपची हवा घ्यायची भोकं नेमकी खालच्या अंगाला. महिनाभर त्याचं नाक दाबून मी त्याला पळ म्हणतेय.
आत्यांना कसं सांगू? आज नाही सांगितलं.

२६ एप्रिल
सांगितलं. उठून आत गेल्या. वाटलं, रुसल्या. आल्या त्या गव्हाची मोठी चाळण घेऊन. टेबलावर दोन विटा मांडल्या, वर चाळण पालथी घातली.
"ठिव हिच्यावर. खालून वारं लागंल. आन् कालच का न्हाय बोललीस? मी काय फटाका हाय, फुटाया?"
हसून हसून पोट दुखलं.
७८! भर दुपारी दोनला! वेग तीनवर घट्ट. बावीस ओलांडलं, पन्नास, ऐंशी. आत्या शेजारी बसून टक्के मोजत होत्या. शंभर!
फाइल झाली. फाइल झाली.
गोधडी आता माझ्या पाठीशी. आत्यांनीच दिली.

२७ एप्रिल
पाठवायच्या आधी आत्यांना दाखवली. पडद्यावर स्वतःचे हात. पुढं सरकून बसल्या. मग, "लई सावकाश चालत्यात गं." शेवटाला, "पर एक बी वात वाकडी न्हाय."
यापुढं मुंबईकर काय म्हणायचं ते म्हणोत. पाठवली.

२ मे
निवड कळायला महिना आहे. "आला का निरोप?" आत्या रोज विचारतात, मी नव्हे.
आज नवी कथा उघडली. किती दिवसांनी! पहिलं वाक्य उमटतंय तोच आत्या दारात. चाळण हवी, गहू चाळायचेत. "तासाभरात देते, तवर थंड हो."
लॅपटॉप मिटून ठेवलाय. थांबलेय. वाक्य कुठं जात नाही.