कुसुमच्या वहीतला रिकामा रकाना

प्रिय वहिनी,

पत्राच्या आरंभी तुम्हाला साष्टांग नमस्कार लिहायला हवा, पण आज लिहिणार नाही. मी तुमच्यावर रागावले आहे.

आज सकाळी सासूबाईंनी तुमच्या कुसुमची वही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाल्या, "यातलं शेवटचं पान फाड. तुझ्याच हाताने फाड." आता त्यांचा दुपारी डोळा लागला आहे. वही माझ्या मांडीवर आहे आणि पान अजून वहीतच आहे. त्या उठेपर्यंत तुम्हाला चार शब्द सुनावून घ्यावेत म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. मी रडले, तुमची लेक सांभाळली, पण भांडले मात्र नाही. ते राहूनच गेलं होतं.

ही वही कशी सुरू झाली, आठवतं? पंचवटीतल्या उपाध्यायांच्या मुली दप्तर घेऊन रस्त्याने जाणार नाहीत, असं सासूबाईंनी ठणकावलं, आणि मामंजी मुकाट्याने यजमानांकडे पूजा सांगायला निघून गेले. माझं म्हणाल तर माझ्या दोघींना स्वयंपाक आला की झालं, अशीच माझी अक्कल! तुम्ही वाद घातला नाहीत. माहेरची ट्रंक उघडलीत आणि माजघरातच शाळा मांडलीत. तुमचे वडील हरसूलला जंगलखात्यात कारकून होते, त्यांनी लेकीला दागिन्यांऐवजी पुस्तकं आणि एक भिंग दिलेलं. लग्नात त्यावरून आपल्या घरात किती नाकं मुरडली होती म्हणे!

आणि काय तुमची ती शिकवण्याची तऱ्हा! गोष्ट अगदी रंगात आली की पुस्तक मिटायचं. "मग ती मुंगी साखर घेऊन कुठे गेली?" पोरी ओरडायच्या. "मला काय विचारता? चला, तिलाच विचारू." की निघाली वरात परसात. तासभर उकिडवं बसून पाहायचं, वहीत लिहायचं आणि मगच पुस्तक पुन्हा उघडायचं. वहीत तीन रकाने होते : केव्हा पाहिलं, काय पाहिलं, काय समजलं.

माझ्या भाताच्या पातेल्यात बेडकाची शेपटीवाली पिल्लं आणून ठेवलीत, त्या दिवशी मी अख्खी गल्ली गोळा केली होती. तुम्ही हसत म्हणालात, "मथू, पातेलं घासता येईल, पण ही पिल्लं उद्या अशी राहायची नाहीत." पुस्तकात छापलं होतं की त्यांची शेपटी गळून पडते. कुसुमने रोज सकाळी पातेल्याचा तळ शोधला, पण गळालेली शेपटी काही सापडेना. शेपटी आतल्या आत आखडत चालली होती! तरी तुम्ही तिला तिसरा रकाना भरू दिला नाहीत. "एकदा पाहून समजलं म्हणायचं नाही. तीनदा पाहायचं." तीनदा पिल्लं आणलीत, आणि मग स्वतःच्या हाताने छापील पुस्तकातली ओळ खोडलीत. छापलेलं खोडता येतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मी तेव्हा पोरींच्या मागे बसून जोडाक्षरं गिरवत होते.

मग वहिनी, छापलेली ओळ खोडणाऱ्या तुम्ही! सासूबाईंसमोर तुमची मान का खाली गेली?

श्रावणात गल्लीत पटकीची साथ शिरली. प्यायचं पाणी उकळल्याशिवाय कुणाच्या ओठाला लावू द्यायचं नाही, असा तुमचा दंडक होता. सासूबाईंना तो गोदामाईचा अपमान वाटायचा. "गंगेचं पाणी आणि उकळायचं? मग आपण कसले उपाध्याय?" तीर्थाचंही तुम्हीच मला शिकवलं होतंत. तळहातावर घ्यायचं, ओठाशी नेल्यासारखं करायचं आणि ओला हात डोक्यावरून फिरवायचा. देवही खूश, सासूही खूश! पोरींनाही तेच शिकवलंत. आम्ही सगळ्या त्यावर तरलो.

त्या शनिवारी घरात तीर्थाला आलेले यजमान उतरले होते. त्यांच्यातल्या एका बाईने चुलीवरचं पाणी पाहून विचारलं, "हे काय, तुमच्या घरातच गंगा चालत नाही?" सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी देवघरातल्या गंगेच्या तांब्यातून फुलपात्र काठोकाठ भरलं आणि सगळ्यांसमोर तुमच्या पुढ्यात धरलं. "थोरले, हे सगळं पी. नाहीतर तुझी ती पुस्तकं, वह्या आणि भिंग आजच गंगेत जातील."

तुम्ही पोरींकडे पाहिलंत. ट्रंकेकडे पाहिलंत. आणि प्यायलात! शेवटच्या थेंबापर्यंत!

मी दारात उभी होते. माझ्या हातात उकळलेल्या पाण्याची कळशी होती. मी हिसडा मारून ते फुलपात्र सांडायला हवं होतं. नाही सांडलं. तुम्ही पदराने ओठ पुसत माझ्या कानाशी म्हणालात, "एवढ्याने काय होतंय? पोरींची शाळा तर वाचली."

काय होतंय? सोमवारी तुम्हाला नेलं, वहिनी.

कुणी सांगितला होता हा सौदा करायला? पोरींना पुस्तकं नको होती, तुम्ही हव्या होता! ट्रंक गेली असती तर मुंग्या का गेल्या असत्या? बेडूक गेले असते? आम्हाला पानंफुलं, किडेमुंग्या सगळं दाखवलंत, पण माणसाच्या तोंडावर "नाही" कसं म्हणायचं तेवढं दाखवलं नाहीत. कारण ते तुम्हालाच येत नव्हतं. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

हरसूलकडून पळसाची पानं घेऊन येणारी सखू परवा आली होती. तुम्ही गेल्याचं ऐकून ओट्यावरच बसली. "आता मला झाडांची नावं कोन इचारल? बाई लय इचारायची. तिला नाय म्हनलं तरी ऐकायची नाय." जाताना कुसुमच्या हातात अळी असलेलं एक पान ठेवून गेली. कुसुमने ते घेतलं, पण वही काही काढली नाही. वहीत काहीतरी अडलंय, अशी तेव्हाच मला शंका आली होती.

आता वहीतल्या त्या शेवटच्या पानाबद्दल सांगते. तुमच्या दहा वर्षांच्या लेकीने तारीख घालून लिहिलंय : "आईने न उकळलेलं पाणी प्यायलं. फुलपात्र भरून. मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून आईला उलट्या-जुलाब. सोमवारी सकाळी आई गेली." तिसरा रकाना रिकामा आहे.

सासूबाईंना भीती की हे यजमानांनी वाचलं तर घराचं काय होईल? आज त्यांनी कुसुमला जवळ घेऊन सांगितलं, "त्या रकान्यात लिही, देवाची इच्छा." ती म्हणाली, "ते मी पाहिलं नाही." मग वही माझ्यापुढे आली.

मी तिला परसात नेलं आणि विचारलं, "कुसुम, तुला तर सगळं कळलंय. मग तिथे लिहिलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. अगदी तुमच्यासारखंच. म्हणाली, "काकू, तीनदा पाहिल्याशिवाय लिहायचं नाही ना? आणि आई तर एकच होती."



सासूबाई उठल्याची चाहूल लागते आहे. त्यांना मी जे सांगणार आहे ते आधी तुम्हाला सांगते. पान फाडणार नाही. वही ट्रंकेत जाईल आणि ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला राहील. आजपासून देवघरातला तो तांब्याही मी उचलीन आणि त्यातलं पाणी यजमानांच्या देखत चुलीवर ठेवीन. कुणी फुलपात्र पुढे केलं तर तोंडावर नाही म्हणेन. घर सोडायला सांगितलं तर तिन्ही मुलींना घेऊन निघेन. संध्याकाळी सखूची अळी पाहायला बसायचं आहे. पुस्तक मी मिटीन, मला अजून अडखळत वाचता येतं तरी.

तो तिसरा रकाना रिकामाच राहील, वहिनी. दुसऱ्यांदा पाहायची वेळ मी या मुलींवर येऊ देणार नाही.

तुमच्यावर अजून रागावलेली,
तुमची धाकटी जाऊ
मथू