पन्नीतला चहा

सौंसर, दि. ९ मे १९८८

आदरणीय भाऊरावदादा, धाकट्या देवीदासचा पायाले हात लावून जयभीम.

इकडे सारे मजेत आहेत, एक मी सोडून. तुमची तब्येत कशी आहे ते खरं खरं लिहजा. तहान किती लागते, रात्री कितीदा उठा लागते, बोटाले वखराची पास लागली होती ती जखम भरली काय, सारं लिहजा. (नुसतं 'बरं आहे' लिहून मोकळे होऊ नका.)

मी लय भिऊन राहिलो, दादा. आमच्या तहसीलात आता हॉटेलातून चहा प्लास्टिकच्या पन्नीत येते. उकळता चहा पन्नीत ओतते, वरून धाग्याची गाठ, अन् मी चपराशी म्हणून तो लटकवत आणतो. बाबूलोकाइचा उरलेला मीच पितो, दिवसाचे आठ-नऊ कप होते. त्या चहाले पन्नीचा वास येते, तो मी दोन वर्षं इलायचीचा समजत होतो. मागच्या हप्त्यात एक नवे डॉक्टर दाखल्यासाठी आले. ते म्हणे, गरम चहात प्लास्टिक उतरत असन, त्यानं साखरेची बिमारी वाढते काय याचा शोध अजून लागाचा आहे. हे ऐकून तर मी जास्तच भेलो. लागलेल्या शोधावर गोळी तरी असते.

घरी येऊन मी बादली, मग, मिठाचा डबा, शिशा (त्यात दोन काचेच्याही गेल्या) सारं फेकून देल्लं. प्रमिलानं जुन्या लुगड्यावर अन् माझ्या लग्नातल्या पँटवर घेतलेली भांडी होती ती. ती म्हणे, पहिले चहातली तीन चमचे साखर काढा, मग माझ्या बादलीले हात लावा. (तिले शास्त्रातलं काही समजत नाई.)

पण दादा, बाबाचा पाय आठवते. अंगठ्याले एक फोड आला होता, अन् नागपूरले गुडघ्यापासून पाय काढा लागला. तुम्हीच त्याइले पाठीवर घेऊन घरी आणलं. मले त्याचंच भेव आहे.

डॉक्टरनं लघवी तपासाले सांगितली. नळीतल्या निळ्या औषधात टाकून दिव्यावर तापवते. निळं राहिलं तर सुटलो, विटेसारखं लाल झालं तर साखर. मी रिकामी शिशी घेऊन तीन दिवस हिंडलो. चौथ्या दिवशी भरलेली शिशी देली अन् समोर उभा राहिलो. विटेसारखं लाल झालं. मी तिथंच बाकावर बसलो.

लीलाबाईवहिनीले जयभीम.

तुमचा देवीदास

ता. क. तुम्ही वावराच्या खसऱ्याची नक्कल काढाले तहसीलात आले तेव्हा 'सरकारी शिबिर आहे' म्हणून मी तुमच्याकडून शिशी भरून घेतली ना, ते शिबिर नव्हतं. मले वाटलं, तुम्ही वावरातले माणूस, पन्नीतला चहा पीत नाई, तुमचं निळंच राहीन अन् मी सुटून जाईन. तुम्ही फवारणीच्या औषधाची कॅन धुऊन तिच्यातलंच उन्हानं तापलेलं पाणी दिवसभर पिता, हे ध्यानातच नाई आलं. अन् बाबा तर दोघाइचाही होता. ती कॅन आजच फेका. पुढच्या मंगळवारी पहिल्या गाडीनं या, डॉक्टरले सारं सांगून ठेवलं आहे. रागावाचं असन तर तपासणी झाल्यावर रागवा.

आणखी एक. माझी शिशी अजून रिकामीच आहे. वहिनीकडून दोन काचेच्या शिशा आणजा. तुम्ही बाजूले उभे राहा, मग भरतो.