घागर मीच भरणार

सीमेवरची चौकी,
२२ मार्च २०२६

ती. ताईस,
धाकट्या ललितचा शि. सा. न. वि. वि.

इकडे फोन बंद, म्हणून पत्र. मी ठीक आहे.

अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, जवळ आली. दाजी गेल्या मे महिन्यात तोफमाऱ्यात गेले, पितरांसाठी भरायची त्यांच्या नावाची ही पहिली घागर. तुझे चुलतसासरे सुपडूकाका यांनी कळवलंय की घागर ते भरतील, आणि जो घागर भरतो तोच पुढे शेत कसतो. अंगणातला झोकाही काढ म्हणे, विधवेच्या दारात शोभत नाही. ताई, पदरात लहानगी परी आहे, भांडत बसू नकोस. तुझी फार काळजी वाटते गं.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझा ललित


कळसाडी,
३ एप्रिल २०२६

चि. ललित यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकरी करपली, इतका राग आला. शत्रूपुढे छाती काढतोस नि सुपडूकाकांपुढे शेपूट घालतोस? वा रे जवान!

गेल्या आखाजीला हे सुटीवर होते. मला माहेरी धाडलंच नाही. निंबाला झोका बांधला नि म्हणाले, माहेर इथंच समज. आमरसाचे दोन घास झाले तोच फोन आला, सुटी रद्द. अर्ध्या ताटावरून उठून गेले रे. ते ताट मी वाढलं होतं. घागरही मीच भरणार.

नि शेताचं म्हणशील तर बिबट्याच्या भीतीनं मजूर येईनात, तेव्हापासून केळीला रात्रीचं पाणी मी देते. काका तेव्हा घोरत असतात. मी रडते, खूप रडते, पण पाण्याच्या बाऱ्यावर उभी राहून रडते. झोका तर मुळीच निघणार नाही.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी ताई, हेमांगी


कळसाडी,
२१ एप्रिल २०२६

चि. ललित यास आशीर्वाद.

भरली रे घागर!

सगळे भाऊबंद जमले होते. काका नवं धोतर नेसून पुढं सरसावले. तेवढ्यात सासूबाईंनी घागर उचलून माझ्या हाती दिली नि ठणकावलं की हाई घर हेमांगीनं शे, शेत बी तिन्हंच शे. घर माझं, शेतही माझंच! काकांचं तोंड बघायला हवं होतंस!

ज्याची घागर त्याचं नाव घ्यावं लागतं. उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं, ते सगळ्यांदेखत खणखणीत घेतलं. कल्पेश. मग परीला मांडीवर घेऊन झोक्यावर बसले. सासूबाईंनी झोका दिला.

पुढच्या आखाजीला मला न्यायला मुराळी म्हणून तू यायचंस. ताट आधी वाढून ठेवणार नाही, समोर बसलास की वाढीन. आणि पोटभर जेवल्याशिवाय उठायचं नाही, मग कुणाचाही फोन येवो.

तुझी ताई