ऑइल वाढलं आहे, लहू

वेसावे,
मंगळवार, ता. ११ ऑगस्ट १९८७

चि. लहू यास,

बाबाचे आशीर्वाद. नलिनीला आणि दोन्ही पोरींनाही सांग. एकवीरा आईच्या दयेने मी बरा आहे, गुडघा तेवढा सुजतो. तुझी वहिनी सुगंधा बरी आहे, बाजारात बसते, खोकला कमी आहे. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मुलाला बाप पत्र लिहितो म्हटल्यावर लोक हसतील. हसू देत. तू माझं ऐकून घेत नाहीस आणि तुझ्यासमोर माझं तोंड उघडत नाही. अक्षर चौथीतलंच आहे, लावून वाच.

आधी कामाचं. उद्या दुपारच्या भरतीला होडी काढू नकोस.

चिडून कागद फेकू नकोस. पुढे वाच.

रविवारी नारळी पौर्णिमेला सगळे वाजतगाजत बंदरावर गेले, तेव्हा मी तुझ्या पडवीत गेलो होतो. होडीच्या मशीनला हात लावायचा नाही असं तू मला बजावलं आहेस, ते माझ्या लक्षात आहे. तरी गेलो. झाकण काढलं, ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल बरोबर वरच्या खुणेवर होतं. मग काल आणि आज सकाळी तू मशीन होडीला लावून खाडीत फिरवून आणलंस. आज तू जेवायला बसलास तेव्हा मी परत गेलो. ऑइल खुणेच्या बोटभर वर होतं. तीनदा पुसून पाहिलं, तीनदा तेच.

नलिनीने पाहिलं मला. म्हणाली, "मामा, चोरासारखं काय करता? त्यांनी बघितलं तर वाट लागेल तुमची." तिला रागावू नकोस. मीच तिला गप्प राहायला सांगितलं.

नंतर बंदरावर मी तुला बोललो, तर तू पोरांसमोर म्हणालास, "बाबा, ऑइल कमी झालं तर इंजिन मरतं. वाढलं तर काय, लॉटरी लागली!" सगळे हसले. मीही हसलो, भीतीने.

लहू, इंजिन ऑइल खातं, थोडं तरी खातंच. आपोआप ऑइल कधी वाढत नाही. पट्टीवर वाढलं म्हणजे त्यात दुसरं काहीतरी उतरलं आहे. पाणी असतं तर ऑइल ताकासारखं पांढरट झालं असतं. तसं नाही. काळंच आहे, पण पातळ आहे, दोन बोटांत धरलं तर तार येत नाही. आणि वास रॉकेलचा आहे. माझे डोळे गेले असतील, नाक शाबूत आहे.

सोबत वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला आहे. डावीकडचा थेंब डब्यातल्या नव्या ऑइलचा. उजवीकडचा तुझ्या मशीनमधला. उजवा किती पसरला आणि त्याच्या कडेला कसं ओलं कडं आलं ते तूच बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, कागदावर ठेव.

कारणही मला दिसलं आहे. तू पेट्रोलवर चालू करतोस आणि मशीन गरम व्हायच्या आत रॉकेलचा कॉक फिरवतोस, पेट्रोल वाचावं म्हणून. काल मी मोजलं, साठ आकडेसुद्धा झाले नाहीत. थंड मशीनमध्ये रॉकेल पुरतं जळत नाही. जळलं नाही ते पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने पोटात उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. मग ऑइल दिसायला भरपूर, पण कामाला पाण्यासारखं. खाडीत चालेल. बाहेर लाटेवर तीन तास जोर दिलास की बेअरिंग पकडेल आणि मशीन एका झटक्यात थांबेल. तेव्हा तुझ्या एका बाजूला मढचे खडक असतील.

तू म्हणशील, म्हाताऱ्याला एवढं कुठून कळलं, याने तर जन्मात असलं बाहेर टांगायचं मशीन पाहिलं नव्हतं.

सुगंधा आत्ता चहा ठेवून गेली. म्हणाली, "मामा, कुणाला लिहिता एवढं? जेवला पण नाही तुम्ही." लहूला लिहितो म्हणालो. पेन अडकत होतं, तर तिने दुसरं आणून दिलं.

चहा निवला. लिहितो.

चार वर्षांपूर्वी आपल्या मोठ्या होडीच्या डिझेल इंजिनातही ऑइल वाढत होतं. आठ दिवस वाढत होतं. पट्टी बघायचं काम माझं होतं, दुसरं कुणी बघत नव्हतं. मी खूश होतो. मला वाटलं, इंजिन सुधारलं, ऑइल खायचं थांबलं. त्या दिवशी माझा गुडघा सुजला म्हणून मी घरी राहिलो. तुळशीदासने जाताना विचारलं, "बाबा, ऑइल बघितलंस ना?" मी म्हणालो, "भरपूर आहे, जा."

तो दर्यात राहिला, तू परत आलास.

होडी ओढून आणल्यावर दत्ताराम मेकॅनिकने इंजिन उघडलं. बेअरिंग वितळलेलं होतं, ऑइल पाण्यासारखं, डिझेलचा वास मारत होतं. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, ऑइल वाढत होतं का?" मी नाही म्हणालो. त्याने परत विचारलं नाही.

पंख्याला जाळं गुंडाळलेलं सगळ्यांनी पाहिलं. जाळ्यावर तू होतास. मी चारचौघांत म्हणालो, लहूने जाळं वेळेवर ओढलं नाही, म्हणून इंजिन बंद पडलं. तुला तरी काय आठवणार त्या लाटांत. तू मान खाली घातलीस. त्यानंतर घर वेगळं केलंस, आणि तुझ्या भावाला तूच मारलंस असं चार वर्षं समजत राहिलास. मी समजू दिलं.

इंजिन आधी थांबलं, लहू. जाळं नंतर अडकलं. तुझी काही चूक नव्हती.

मला माफ कर असं लिहीत नाही. तो हक्क मला नाही. मशीनचं तेवढं ऐक. सगळं ऑइल काढून टाक, नवं भर. नुसत्या पेट्रोलवर चांगलं गरम होऊ दे, तासभर खाडीत चालव आणि पट्टी बघ. तरी वाढलं तर रिंगा झिजल्या आहेत, दत्तारामला उघडायला सांग. दर्या आठ दिवसांनीही तिथेच असेल.

पत्र सुगंधाच्या हाती देतो आहे. तिला वाचता येतं. पाकीट चिकटवलेलं नाही, मुद्दाम.

तुळशीदास गेल्यापासून मी पाण्यात पाय घातलेला नाही, तुला माहीत आहे. बंदरावर उभा राहतो तोही भिंतीला धरून. पण उद्या भरतीच्या आधी मी तुझ्या होडीत येऊन बसणार आहे. ऑइल बदललं नसशील तर मला उचलून काठावर टाकावं लागेल, त्याशिवाय होडी निघणार नाही. बदललं असशील तर मला हाताला धरून उतरव. एकट्याने उतरायला मला भीती वाटते.

तुळशीदासचा आणि तुझा,
बाबा