मागची सीट

अहो,

आई सकाळी मोरीत पडल्या. पाय हलून नाही राहिला. त्यांना सौंसरच्या दवाखान्यात नेऊन राहिली.

शेजारच्या तुळशीरामभाऊंना गाडी चालवता येते, म्हणून आधी जीपच काढली. पण डोंगर चढायला तुम्ही ती इतकी उंच करून ठेवली, की चौघांनाही आईंना वर घेता आलं नाही. मागं निजवावं, तर तिथं तुमची जादा डिझेलची टाकी. शेवटी आपल्या गडी हिरामणनं बैल आणून बंडी जुंपली.

डॉक्टरांनी विचारलं, तर तुम्ही बाहेरगावी गेले म्हणीन. पचमढी फिरायला जाडे टायर आणायला गेले, हे मला सांगवणार नाही.

तुम्ही काढून ओसरीत टाकलेली मागची सीट बंडीत घातली, तिच्यावर आईंना निजवलं. जीपचं तेवढंच कामी आलं.

उषा