सासऱ्यांची भीमगीतं आणि माझा मॅक

२ नोव्हेंबर २०१४, रविवार
मॅकमधून टकटक आवाज येतोय. घाबरण्याचं कारण नाही. तरी दोनदा कान लावून ऐकलं.
मीराने इंदूरला नवा लॅपटॉप घेतला आणि हा जुना बापाला दिला. तेव्हापासून घरातलं टेक्निकल खातं माझ्याकडे. यातच मामाजींची, म्हणजे बायकोच्या, लताच्या वडिलांची, भीमगीतं आहेत. गुलाबरावांनी स्वतः रचलेली, स्वतः गायलेली. कागदावर एक ओळ नाही, दुसरीकडे रेकॉर्डिंगही नाही. गेल्या वर्षी ते गेले. सोळा तारखेला पहिला स्मृतिदिन, गाणी विहारात लावायची आहेत. बॅनरवर 'संकलन' म्हणून माझं नाव छापायला दिलंय.
निश्चय: उत्तम डिस्क रिपेअर सॉफ्टवेअर निवडणे. शांतपणे.

३ नोव्हेंबर
मीराला फोन केला. म्हणाली, पापा, पहले गाने पेन ड्राइव्ह में ले लो, बाकी बाद में देखना. पोरीला मराठी कळते, पण बोलायची वेळ आली की हिंदी.
कॉपी करणार नाही. कॉपी झाली की मेहुण्याकडे, लहानूकडे जाणार. तिथून नागपूर. मग कोणीतरी त्याखाली डीजे घालून मिरवणुकीत वाजवणार. मामाजींचा मूळ आवाज आधी विहारात, मगच बाहेर. तसं मी विहाराच्या बैठकीत जाहीर केलंय.

५ नोव्हेंबर, सकाळी
तीन सॉफ्टवेअर निवडली. एक स्टेथोस्कोपच्या चित्राचं, एक पान्याचं, एक फुकट. फुकटवर विश्वास नाही. पान्याचं आमच्या जुन्या मॅकवर चालत नाही. स्टेथोस्कोपवालं नुसता रोग सांगतं, औषधाचे पैसे वेगळे. सखोल अभ्यास करावा लागेल.
लताने विचारलं, काहून टकटक करून राहिला तो. म्हटलं, पंखा आहे. हे काही खोटं नाही. पंखाही आहेच त्यात.

८ नोव्हेंबर
मॅकमध्ये मूळचीच एक तपासणी असते, ती चालवली. लाल अक्षरांत उत्तर आलं: डिस्क दुरुस्त होणार नाही, जमतील तेवढ्या फाइल काढून घ्या. मशीन फार निराशावादी. मनात त्रिशरण म्हटलं आणि झाकण लावलं.
वापरलाच नाही तर बिघडणार कसा? आठवडाभर विश्रांती.

११ नोव्हेंबर
सासूबाई सिहोऱ्याहून आल्या. हातपाय धुतले आणि म्हणाल्या, जवाईबापू, एक गाणं लावा ना, ज्यात मधात ते खोकलतात ते. मी म्हटलं, मामी, सोळाला विहारात. त्या म्हणाल्या, तवा आयकीनच, पण आज मन करून राहिलं.
उघडायची मला भीती वाटते. हे लिहायला हरकत नाही, कोणी वाचणार नाही.

१२ नोव्हेंबर
लता आणि मामी बाजारात गेल्या तेव्हा एक गाणं लावून पाहिलं. अर्ध्यापर्यंत चाललं. म्हणजे सगळी शाबूत आहेत.
मीराचा फोन. पापा, कॉपी किया? म्हटलं, प्रोसेस में है.

१४ नोव्हेंबर
निर्णय. स्टेथोस्कोप.
चालवल्यावर इंग्रजीच्या चौकटी येत राहिल्या. ऑफिसात मी कागद वाचत नाही, सही कुठे करायची एवढंच विचारतो. म्हणून माझं टेबल नेहमी मोकळं. इथेही प्रत्येक चौकटीत ओके केलं. शेवटची लाल होती. तिच्यावरही केलं.
जेवून येतो तर हिरवी खूण: डिस्क पूर्ण निरोगी. टकटकही बंद. मीराचं ऐकलं असतं तर हा दिवस दिसला नसता.

१५ नोव्हेंबर
डिस्क निरोगी आहे. रिकामी आहे.
गाणी असतील कुठेतरी. सगळीकडे शोधलं. मीराला फोन केला, तिने विचारलं, क्या दबाया? सांगितलं, ओके, लाल चौकटीतही. ती म्हणाली, वो लालवाला इरेज का था. मग मराठीत बोलली. पापा, आजोबांचा आवाज गेला.
लताला सांगायला तीनदा स्वयंपाकघरात गेलो. तीनदा पाणी पिऊन आलो.

१६ नोव्हेंबर
सकाळी सांगितलं. लता विहारात न्यायची फुलं निवडत राहिली. त्याचीच जास्त भीती वाटली.
विहारात बॅनर लागलेलं. नाव ठळक. वंदना झाल्यावर लता उठली आणि स्वतःच गायला लागली. लहानूने ढोलकी धरली. दुसऱ्या कडव्यात ओळ अडली, ती मामींनी सांगितली. पुढच्या गाण्यात दोघींनाही आठवेना. लता मामींकडे बघत राहिली, मामी मामाजींच्या फोटोकडे. लहानू ओळीची वाट पाहत ढोलकी वाजवत राहिला. बराच वेळ. मग त्यानेही हात थांबवला. मला तिथे बसवेना, पण उठायचं धाडस झालं नाही.
जेवढं झालं तेवढं लहानूच्या बायकोने, विनताने, मोबाईलवर घेतलं. जेवणाच्या पंगतीत मी तिला म्हटलं, दे मला, मॅकमध्ये जपून ठेवतो, डिस्क आता निरोगी आहे. ती म्हणाली, राहू द्या जी भाऊजी. आणि मोबाईल पर्समध्ये टाकून चेन लावली.
घरी आल्यावर मॅक उघडून पाहिला. भरपूर जागा आहे.