लेखनात साडेपाच

१२ जून, गुरुवार

साडेपाच! फक्त साडेपाच!

ज्योतीचा इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल सकाळी अकराला आला, सगळं नऊपैकी. ऐकण्यात साडेसात, वाचनात सात, बोलण्यात सात. आणि लेखनात साडेपाच. तिथे साडेसहा लागतात. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलनं तिला नर्स म्हणून घ्यायचं कबूल केलंय, पत्र हातात आहे. जुलै संपायच्या आत हा एक आकडा पाठवला नाही तर पत्र रद्द.

ड्युटी संपवून क्लासमध्ये येऊन बसली. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता तरी आलं असतं. म्हणाली, सर, माझंच काहीतरी चुकलं असणार, तुमचा साचा तर मी शब्दन् शब्द लिहिला होता.

मी म्हणालो, तुझं नाही, तपासणाऱ्याचं चुकलं. फेरतपासणीचा अर्ज कर. आजच कर.

१३ जून, शुक्रवार

कोण बसतात तिकडे तपासायला, एकदा बघायचंय मला!

नऊ वर्षं श्रीरामपुरात हा क्लास चालवतोय. खतांच्या दुकानावरची खोली, वीस बाकं, उन्हाळ्यात पत्रा तापतो. त्याआधी अकरा वर्षं विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. अनुदान येणार, येणार म्हणत केस पांढरे झाले. त्या अकरा वर्षांत दर मार्चमध्ये बारावीच्या पेपरांचे गठ्ठे घरी आणून तपासले. तेव्हा पेपर कसा तपासतात हे मला कोणी शिकवू नये. निबंधाची पहिली ओळ बघायची, शेवटची बघायची, मधे अक्षर कसं आहे आणि पानं किती भरली ते. चार मिनिटांत पेपर हातावेगळा. मी दिलेला एकही मार्क कधी बदलला गेला नाही.

साचा त्यातूनच तयार केला. पहिला परिच्छेद तयार, शेवटचा तयार. सुरुवात 'इन धिस मॉडर्न एरा'नं. मधे सात भारी शब्द, ठरलेल्या जागी. प्रश्न प्रदूषणाचा येवो, मोबाईलचा येवो, म्हाताऱ्या माणसांचा येवो, रिकाम्या जागेत विषयाचं नाव तेवढं टाकायचं. बेलापूरपासून नेवाशापर्यंतची पोरं हा साचा घोकतात. बसमध्ये घोकतात!

ज्योती माझ्याकडे यायच्या आधी एकदा क्लास न लावता एकटीच परीक्षेला बसली होती. तेव्हा लेखनात सहा मिळाले होते. अर्धा वाढवायला म्हणून माझ्याकडे आली. सहाचे साडेपाच झाले ते तुमच्याकडे आल्यावर, असं सवितानं काल जेवताना सहज बोलून दाखवलं. बायकोला नको तेच आकडे बरे लक्षात राहतात.

ते सहा नशिबाचे होते.

२१ जून, शनिवार

ज्योतीचे वडील आले होते. गहिनीनाथ. घोडेगावच्या बाजारात म्हशींची दलाली करतात. कालचा बाजार उरकून आज सकाळच्या एसटीनं आले. पिशवीतून कांदे काढून टेबलाखाली ठेवले आणि बाकावर अंग चोरून बसले. पोरांच्या बाकावर.

फेरतपासणीचं विचारलं. मी सांगितलं, दोन आठवडे लागतात. मान हलवली. मग म्हणाले, "सर, एक इचारू का? राग मानू नका. म्हशीची धार काढून बघितल्याबिगर आमी किंमत बोलत न्हाई. शिंगं रंगवून आनली, अंगावर झूल टाकली, तरी न्हाई. तिकडचं लोक पेपर वाचत्यात, का नुसतं बघत्यात?"

मी म्हणालो, बघतात. इतके पेपर असतात, वाचायला वेळ कुणाला आहे!

"मग बघनाऱ्याला तरी तुमची झूल आवडाया पायजे हुती," म्हणाले.

टोमणा नव्हता तो. माणूस खरोखर विचारात पडला होता. मला मात्र दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

२२ जून, रविवार

म्हशीवाल्यानं मला इंग्रजी शिकवावं! बघितलं तर काय बिघडतं? मी अकरा वर्षं नुसतं बघितलं.

२ जुलै, बुधवार

फेरतपासणीचा निकाल आला. साडेपाच.

म्हणजे दुसऱ्या माणसानंही तेच दिले. ज्योतीचे तीन आठवडे मी खाल्ले.

नशीब एवढंच की आता एकट्या लेखनाचा पेपर पुन्हा देता येतो. तिनं १८ जुलैची तारीख घेतली, पुण्याला. मी फोनवर म्हणालो, साचा आणखी पक्का करू. ती बरं म्हणाली. ती नेहमी बरंच म्हणते.

३ जुलै, गुरुवार

हे कुणाला सांगणार नाही. इथेच लिहितो.

परीक्षा घेणाऱ्यांनी पेपर कसा तपासतात ते त्यांच्या साइटवर लिहून ठेवलंय. सगळ्यांसाठी, फुकट. आज शोधलं आणि एका मिनिटात सापडलं. नऊ वर्षांत मी ते कधी उघडलं नव्हतं. मला येतंच होतं ना सगळं!

तीनदा वाचलं. ते वाचतात. बघत नाहीत, वाचतात. मार्कांचं पहिलंच खातं असं की विचारलं त्याचं उत्तर दिलं का. अख्ख्या प्रश्नाचं, अर्ध्याचं नाही. 'तुमचं मत काय' असं विचारलं असेल तर मत लागतं, आणि ते शेवटपर्यंत टिकावं लागतं. माझ्या साच्यात मताला जागाच नाही. मीच पोरांना सांगत आलो, मत देऊ नका, तपासणाऱ्याचं वेगळं असलं तर मार्क कापेल. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बोलून अंग काढून घ्या. मला कॉलेजात असंच जगायची सवय लागली होती, तीच पोरांना लावली.

मग मुद्द्याला मुद्दा लागून येतो का ते बघतात. मग शब्द. भारी शब्दाला मार्क नाहीत! जागच्या जागी बसलेल्या शब्दाला आहेत, मग तो साधा का असेना. भारी शब्द ओढून आणला आणि वाकडा बसला तर उलट जातात. शेवटी व्याकरण. चारही खात्यांना सारखं वजन. आणि पाठ करून आणलेला मजकूर ओळखू आला तर तो त्या माणसाचा धरतच नाहीत. साच्याचे ऐंशी-नव्वद शब्द म्हणजे कोरी जागा. वरून एकाच भागातल्या पन्नास पोरांनी तोच परिच्छेद लिहिल्यावर कोणाच्या लक्षात येणार नाही?

अक्षराला मार्क नाहीत. आमची सगळी पोरं संगणकावर टाइप करतात, कुठलं आलंय अक्षर! मी रोज एक पान सुवाच्य लिहून घेत होतो.

६ जुलै, रविवार

एकादशी. क्लासला सुट्टी. सविता देवळात गेली होती.

ज्योतीची पहिली वही कपाटात सापडली. क्लासला आली त्या दिवशी मी नव्या मुलांकडून एक निबंध लिहून घेतो, पातळी बघायला. विषय होता, म्हाताऱ्या माणसांची काळजी घरच्यांनी घ्यावी की संस्थेनं. त्याच विषयावर तिनं मे महिन्यात साच्यातला निबंध लिहिला होता, तोही काढला. दोन्हींवरचं नाव आणि समास कागदानं झाकले, जुन्या लाल खुणांकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तपासायला बसलो. त्यांच्या चार खात्यांनी. एकेक ओळ वाचून.

पहिल्यात लिहिलंय - इंग्रजीत, साध्या छोट्या वाक्यांत - की माझी आजी बनुबाई दोन वर्षं अंथरुणावर होती. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. आई शेतात, मी कॉलेजात. आमच्या घरात माया होती, पण दुपारी कूस बदलायला कोणी नव्हतं. आजीच्या पाठीला जखमा झाल्या. म्हणून माझं मत असं की माया घरच्यांनी द्यावी आणि काळजी घ्यायला शिकलेलं माणूस असावं, घरी किंवा संस्थेत. पुढचा परिच्छेद त्याचीच कारणं देतो. दोन ठिकाणी काळ चुकलाय, एका ठिकाणी वाक्य लांबलंय.

मी साडेसहा दिले. पुन्हा वाचला. सात देता आले असते.

साच्यातल्या निबंधाला साडेपाच. ओढूनताणून.

मग कागद काढले. पहिल्या निबंधावर माझ्याच लाल पेनानं आडवी रेघ मारलेली. समासात माझं अक्षर, सुंदर, सुवाच्य - 'घरगुती लिखाण. आजीला मधे आणू नये. साचा वापरणे.'

भगर थंड झाली. खाववली नाही.

७ जुलै, सोमवार

उद्या ज्योतीला सांगायचं. सरळ सांगायचं की साचा फेकून दे, माझं चुकलं.

८ जुलै, मंगळवार

सांगितलं नाही. बाकीची पोरं बसली होती.

११ जुलै, शुक्रवार

आज ती एकटीच होती. साचा तोंडपाठ म्हणून दाखवला. डोळे मिटून, एक शब्द न अडखळता. रात्रपाळी करून आली होती, डोळ्यांखाली काळं झालेलं. मी काय म्हणालो? छान म्हणालो.

सांगितलं तर काय होईल? ती घरी सांगेल. घोडेगावच्या बाजारात बातमी पोचली की सोनईपर्यंत जाते. खाली मोठा फ्लेक्स लावलाय, 'साचा पद्धतीचे जनक'. जनक! मी स्वतःच छापून घेतलं होतं ते. पन्नाशीला आलेल्या माणसानं आता कुठे जायचं? आणि सात दिवस राहिलेत, आता सांगून पोरगी गोंधळली तर? हे शेवटचं कारण खोटं आहे. पण मी तेच सारखं पुढे करतोय.

सविताला टेबलावर ते दोन निबंध दिसले. माझे नवे मार्क दिसले. ती इंग्रजी वाचत नाही, आकडे वाचते, आणि समासातलं माझं मराठीही.

"सांगितलं का तिला?" म्हणाली.

मी म्हटलं, सांगेन.

"ती जाईल न जाईल, तो तिचा भाग. पण आजीची ओळ खोडली ती तुम्ही खोडली. तेवढं तरी तिला परत द्या."

मी तिच्यावर ओरडलो. कशावरून ओरडलो ते आता आठवतही नाही. चहात साखर नव्हती, असं काहीतरी.

१७ जुलै, गुरुवार

उद्या पेपर. ज्योती दुपारच्या गाडीनं पुण्याला गेली. तीन वाजता क्लासमध्ये एकटा होतो. मोबाईलवर मेसेज लिहिला - 'ज्योती, साचा विसर. प्रश्न दोनदा वाच. तुझं मत पहिल्याच परिच्छेदात साध्या शब्दांत सांग. एका परिच्छेदात एकच मुद्दा. जे स्वतः पाहिलंस त्याचं उदाहरण दे. आजीला मधे आण.'

वाचला. बरा होता. नऊ वर्षांत मी शिकवलेलं पहिलं धड काहीतरी.

पुसला.

'ऑल द बेस्ट. साचा लक्षात ठेव' असं पाठवलं. तिनं लगेच हात जोडलेलं चित्र पाठवलं.

माझ्यासारख्या माणसाला काय म्हणतात ते मला मराठीत माहीत आहे, इंग्रजीतही माहीत आहे.

१८ जुलै, शुक्रवार

पेपर झाला असेल. मी फोन केला नाही. तिचाही आला नाही.

२३ जुलै, बुधवार

सात! साडेसहा नाही, सात.

ज्योती पेढे घेऊन आली. सगळ्या पोरांसमोर पाया पडली. मग मान वर न करताच हळू आवाजात म्हणाली, "सर, तुमच्याशी खोटं नाही बोलणार. म्हाताऱ्या माणसांचाच प्रश्न आला. आजी डोळ्यांपुढं आली अन् तुमचा साचा पार विसरले. मनाचंच लिहून आले. माफ करा मला."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"असू दे," म्हणालो. "एवढ्या वेळी माफ."